मोसंबीची संध्याकाळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि तुमच्या पहिल्या शाळेचा दरवाजा आठवा. रंग कोणता होता? कडी उजवीकडे होती की डावीकडे? आता अशी कल्पना करा, की तुमच्या डोक्यावर एक हलकी टोपी आहे आणि तुम्हाला जे आठवतंय तेच समोरच्या भिंतीवर उमटतंय. थोडं पुसट, कडांशी थरथरणारं, पण तुमचंच. शेजारी बसलेला मित्र म्हणतोय, "अरे, तुमच्या शाळेचा दरवाजा निळा होता तर."

आपली गोष्ट अशी टोपी निघाल्यानंतरची आहे.

सांगलीत त्या काळी दर हिवाळ्यात एक चित्रपट महोत्सव भरायचा. नाट्यगृह नदीपासून जवळ, म्हणून सगळे त्याला 'काठावरचा महोत्सव' म्हणत. त्या वर्षीचा कार्यक्रम भरगच्च होता. उद्घाटनाला हळदीच्या व्यापाऱ्यांवरचा विनोदी चित्रपट, मग मेंढपाळांबरोबर रानोरान फिरून केलेला माहितीपट, सीमेपलीकडचा एक कानडी चित्रपट. खास खेळही होते. एका मूकपटाला समोर बसून तबल्याची साथ होणार होती. दुसऱ्या एका खेळात अंध प्रेक्षकांसाठी पडद्यावर घडणारं सगळं कुणीतरी बोलून सांगणार होतं. पण सकाळपासून रांग लागली होती ती एका नव्या विभागासाठी. त्याचं नाव 'स्मृतिपट'. कॅमेऱ्याने न घेतलेला, माणसाच्या आठवणीतून उतरवलेला चित्रपट म्हणजे स्मृतिपट.

त्या रांगेत सहावीतली कस्तुरी उभी होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला हेरंबमामा. मामाने नवा कुर्ता घातला होता आणि तो सारखा त्याच्या बाह्या नीट करत होता.

"मामा, आपण नक्की कुठला बघायचाय?"

"आत गेल्यावर बघ की."

"कानडी असला तर मी झोपणार."

"झोप बिनधास्त. तुझ्या वाटणीचं भडंग मी खातो."

आई हसली. ती अलीकडे क्वचित हसायची, त्यामुळे कस्तुरीलाही बरं वाटलं.

कस्तुरीचे बाबा आदल्या वर्षी वारले होते. ते शाळेची व्हॅन चालवायचे आणि वळणावर मुलांना मुद्दाम एका बाजूला कलायला लावायचे. ते गेल्यानंतर कस्तुरीने त्यांचं नावही घेणं बंद केलं. कुणी विषय काढला की ती उठून जायची. आईने समजावलं, बाईंनी समजावलं. उपयोग झाला नाही.

मामा लग्नांच्या आणि जाहिरातींच्या चित्रफिती जोडायचं काम करायचा. एके दिवशी तो ती टोपी घेऊन आला. "बोलू नकोस तू," तो म्हणाला. "नुसता बाबा आठव. विसरायच्या आत साठवून ठेवू. फक्त तुझ्यामाझ्यात. आईलासुद्धा दाखवायचं नाही, तू म्हणेपर्यंत."

"शप्पथ?"

"शप्पथ."

त्या शब्दावर कस्तुरीने टोपी घातली. तिने व्हॅन आठवली, बाबाचं शिट्टी वाजवणं आठवलं, आणि खूप दिवसांनी, मामाचा हात घट्ट धरून, दवाखान्यातली ती शेवटची संध्याकाळही आठवली. त्यानंतर दर रविवारी मामा यायचा, तिला टोपी घालायचा आणि उतरवलेलं सगळं तिला पुन्हा दाखवायचा. "नीट उतरलंय का ते तपासतोय," असं सांगायचा.

नाट्यगृहात अंधार झाला. पडद्यावर एक पिवळी व्हॅन आली. तिच्या मागच्या काचेवर वेड्यावाकड्या अक्षरांत 'कस्तु' लिहिलेलं होतं. ते कस्तुरीनेच चुन्याने लिहिलं होतं.

तिने मामाकडे पाहिलं. मामा पडद्याकडे पाहत होता.

"मामा, हे आपलं आहे."

"शू. बघ तर."

"तू म्हणालास, फक्त आपल्या दोघांत."

पण तेवढ्यात पडद्यावर बाबाने वळण घेतलं, व्हॅनमधली मुलं एकावर एक कलंडली आणि सगळं सभागृह हसलं. अनोळखी माणसं तिच्या बाबाच्या विनोदावर हसत होती. कस्तुरीला रागही आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम आल्यामुळे मामाला पुढे विचारायचं राहूनच गेलं. आईने तर दोन्ही हात तोंडावर घेतले होते. वर्षभराने नवऱ्याला चालता-बोलता पाहत होती ती.

मग दवाखाना आला. कस्तुरी खुर्चीत आक्रसली. आता सगळ्यांना कळणार, असं तिच्या मनात आलं; नेमकं काय, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

पण तसं काही झालं नाही. पडद्यावरचा बाबा उशीला टेकून बसला होता आणि मोसंबी सोलत होता. "ये गं कस्तु," तो म्हणाला. त्याने एक फोड तिला दिली. पडद्यावरच्या कस्तुरीने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "लवकर घरी ये बाबा," ती म्हणाली. बाबा हसला. चित्रपट संपला.

टाळ्या थांबेनात. आईने कस्तुरीला जवळ ओढलं. "हे मला कधी सांगितलं नाहीस तू," ती रडत म्हणाली. "मला वाटायचं, तुझं आणि त्याचं शेवटचं बोलणंच झालं नाही. एवढं गोड झालं होतं होय."

कस्तुरीने मान हलवली. तिला खरंच वाटलं, की असंच झालं होतं. मोसंबी तिला आठवत होती. पांढऱ्या सालीचे तंतूसुद्धा आठवत होते.

मुलांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ती टोपी फक्त चित्र आणि आवाज टिपते. वास तिला टिपता येत नाही. आणि आपल्या मेंदूत वासाची वाट आठवणींच्या अगदी अंगणातून जाते. कस्तुरीने मोसंबीचा वास आठवून पाहिला. तो नव्हताच. बाबाच्या खांद्यालाही वास नव्हता. त्या जागी दुसराच वास आला, खोकल्याच्या सांडलेल्या औषधाचा, गोडसर आणि जळका. आणि त्या वासाला धरून खरी संध्याकाळ वर आली.

बाबा तिच्या गॅदरिंगला आला नव्हता. तो आजारी आहे हे कळत असूनही ती त्याच्यावर रुसली होती. चिडून हात झटकला तेव्हा औषधाची बाटली पडून फुटली. बाबा ओरडला. आणि ती म्हणाली, "मग घरी येऊच नको."

दुसऱ्या दिवशी बाबा गेला होता.

"आणि आता," ध्वनिक्षेपकावर आवाज आला, "या आठवणीच्या मालकीणबाई, कुमारी कस्तुरी यांनी साक्षीसाठी मंचावर यावं."

हा त्या महोत्सवाचा नियम होता. खोटी चित्रं बनवणं तेव्हा कुणालाही जमायचं, म्हणून स्मृतिपट दाखवल्यानंतर ज्याची आठवण त्याने मंचावरच्या साक्षपाटीवर तळहात ठेवायचा. ओळखीची आठवण नुकतीच पाहिली असली, की तळहाताचा घाम आणि नाडी एका ठरावीक तऱ्हेने बदलते. पाटी ते ओळखते आणि हिरवा दिवा लावते. हिरवा दिवा लागला तरच चित्रपट स्पर्धेत, आणि पुढच्या मोठ्या शहरांतल्या महोत्सवांत. नाहीतर तो तिथेच संपला.

मामा तिला मंचावर घेऊन गेला. महोत्सवाचे प्रमुख शकील बागवान सर हसतमुखाने पुढे आले. आता खरं तर आधी साक्ष आणि मग सत्कार व्हायचा. पण आपल्याकडे पाहुणा मंचावर आला की कुणाला धीर निघत नाही. सरांनी आधी शाल घातली, मग हातात नारळ दिला, मग गुच्छ. कस्तुरीचे दोन्ही हात भरले आणि पाटीवर ठेवायला हातच उरला नाही. सभागृहात हशा पिकला.

"अरे, नारळ धरा कुणीतरी," सर म्हणाले आणि कार्यकर्त्याला शोधायला मागे वळले.

तेवढ्या वेळात कस्तुरी हळूच म्हणाली, "मामा, मोसंबी नव्हती."

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "होती. आता आहे. हात ठेवून बघ, हिरवाच लागेल."

"कसा लागेल?"

"आठवण काढली ना, की ती थोडा वेळ ओली होते, कुंभाराच्या मातीसारखी. मग परत वाळते. ओली असताना हळूच आकार बदलला, की बदललेलीच वाळते. दर रविवारी बदललेलं दाखवून मी तेच करत होतो. तुझ्यासाठीच."

"तू म्हणाला होतास, तपासतोय."

"सांगितलं असतं तर तू बदलू दिली असतीस? कस्तु, तू त्या एका वाक्याने झुरत होतीस गं. मी ते काढून टाकलं आणि चांगलं काहीतरी ठेवलं. आईकडे बघ खाली. कधी पाहिलंस तिला असं? यात कुणाचं काय वाईट झालं?"

कस्तुरीने खाली पाहिलं. आई डोळे पुसत होती आणि शेजारच्या बाईंना सांगत होती, "माझी मुलगी."

ही खरी पंचाईत होती. पाटी खोटं पकडणार नव्हती, कारण मामाने पाटीच्या आधी कस्तुरीची आठवणच फिरवली होती. हात ठेवला की दिवा हिरवा, आई सुखात, मामा मोठा. आणि ती संध्याकाळ कायमची मोसंबीची. नाही म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेही अर्धवट आठवणारं.

तिने नारळ मामाच्या हातात दिला. गुच्छही दिला. मग साक्षपाटीला वळसा घालून ती पायऱ्या उतरली आणि आईच्या खुर्चीपाशी गेली.

"आई, तसं नव्हतं झालं," ती आईच्या कानात म्हणाली. "मी बाबाला म्हटलं होतं, घरी येऊच नको."

 आईचा चेहरा उतरला, हे कस्तुरीला दिसलं. आधीच पुसलेले डोळे आईने पुन्हा पुसले.

"म्हणून बोलत नव्हतीस होय वर्षभर?"

कस्तुरीने मान हलवली.

"वेडी," आई म्हणाली. "मला तर तो शेवटचं काय बोलला माहितीये? म्हणाला, आमटीत मीठ किती घातलंस. मीही उलट बोलले, उद्यापासून दवाखान्यातलंच खा म्हणून." ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला. मग तिने विचारलं, "तू असं म्हटल्यावर तो काय म्हणाला गं?"

कस्तुरीने डोळे मिटले. तो काहीतरी म्हणाला होता. नक्की म्हणाला होता. ती दारापर्यंत गेली होती आणि मागून त्याचा आवाज आला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तो आवाज शोधला. पण जितकं शोधावं तितकी मोसंबी पुढे येई. "ये गं कस्तु," पडद्यावरचा बाबा म्हणे आणि खऱ्या बाबाचं वाक्य त्याखाली दबून जाई.

ती मागे फिरून मंचाच्या पायऱ्यांपाशी आली. मामा मंचावर नारळ घेऊन तसाच उभा होता.

"मामा, आधी उतरवलेलं कुठाय? बदलायच्या आधीचं?"

मामाने हातातला नारळ उगाच फिरवला.

"त्यात बाबा काय म्हणाला होता, तू ऐकलं असशील ना."

"मी नीट ऐकलं नाही गं," मामा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी फक्त तुझं वाक्य पाहिलं आणि पुढचं सगळं कापलं. मूळ पुसून टाकलं. चुकूनसुद्धा तुझ्या हाती लागू नये म्हणून."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बागवान सरांना काय घडतंय ते कळेना. ते हलकेच म्हणाले, "बाळ, साक्ष द्यायची नसेल तर चालेल. सक्ती नाही."

"द्यायची आहे," कस्तुरी म्हणाली.

ती पुन्हा मंचावर चढली. तिने साक्षपाटीकडे पाहिलंही नाही. सरांच्या समोरचा ध्वनिक्षेपक तिच्यासाठी उंच होता, तो तिने दोन्ही हातांनी खाली वाकवला.

"ही आठवण माझी नाही," ती म्हणाली. "मोसंबी नव्हती. मी बाबावर रुसले होते आणि त्याला घरी येऊ नको म्हणाले. त्यावर तो काहीतरी बोलला. ते आता माझ्याकडे राहिलं नाही."

कुजबुज थांबली. पहिल्या रांगेतली आई उठून उभी राहिली होती.

"तो सिव्हिलमधला मोठा वॉर्ड होता," कस्तुरी पुढे म्हणाली, "खिडकीशेजारची खाट. आजूबाजूला पुष्कळ माणसं होती. त्यांचे नातेवाईक होते, सिस्टर होत्या. तुम्ही सगळे सांगलीचेच आहात. त्या संध्याकाळी तिथे तुमच्यापैकी कुणी होतं का? औषधाची बाटली फुटल्यावर तो व्हॅनवाला माणूस आपल्या मुलीला काय म्हणाला, ते कुणी ऐकलं का?"

आणि ती तिथेच उभी राहिली, एकेका रांगेकडे पाहत.