भ्याल तर वाचाल

मेलेल्या माणसाच्या मानेची रेषा पडद्यावर सरळसोट पसरली होती. डॉ. नसीमा मुजावरनं ती मागं नेली आणि पुन्हा सुरू केली.

“बघा सर. इथं मागचं चाक सुटलं. इथं गाडी आडवी झाली. ही भिंत आली. आणि ही त्याची मान. जेवून उठून सोफ्यावर बसलेल्या माणसाची असते तशी.”

“यंत्र बंद पडलं असेल,” डॉ. विनायक इंगवले म्हणाले.

“यंत्र धडधाकट आहे, मी स्वतः उघडून बघितलंय. मागच्या शर्यतीत गेला त्याचंही असंच. यंत्रानं बरोब्बर मोजलंय, सर. माणूसच भ्याला नाही.”

इंगवल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते यंत्र त्यांनी बनवलेलं होतं. आणि त्याच्या भरवशावर जे चालक शर्यतीत उतरत होते, त्यांत त्यांची एकुलती एक लेक होती.

आता ही शर्यत कसली, ते सांगायला हवं. कोल्हापूरबाहेरच्या माळावर लंबगोल ट्रॅक बांधलाय, त्याला सगळे ‘दख्खन चक्र’ म्हणतात. गाड्या दिसायला तुमच्या-आमच्या दारात उभ्या असतात तशाच. आत मात्र लोखंडी पिंजरा, एक खुर्ची आणि राक्षसी इंजिन. अशा तीसेक गाड्या घोळका करून, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, ताशी तीनशेच्या वेगानं फिरत राहतात. एकीनं दुसरीला घासलं की भिंत. लोक म्हणे वेग बघायला येतात. साफ खोटं! लोक धडक बघायला येतात, आणि धडकेनंतर पोरगं उठून हात हलवतंय का, तेही बघायला येतात. दोन्ही हवं असतं लेकाच्यांना.

पोरं पूर्वी उठायची नाहीत. अंग पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेलं, डोकं मात्र पुढं हिसकायचं आणि कवटीचा तळ फुटायचा. त्यावर इंगवल्यांनी फेसकवच काढलं. दोन नळकांड्यांतून पांढरा फेस सुटतो, चालकाभोवती भरतो आणि घट्ट होतो. माणूस गादीत पुरल्यासारखा राहतो. पण याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि धडक तेवढी थांबत नाही. म्हणजे धडक होण्याआधीच कुणीतरी फेसाला हाक मारायला हवी. कॅमेऱ्यांना ते जमेना. घोळक्यात सगळ्याच गाड्या सतत आपटायच्या बेतात असतात, त्यात खरं संकट कुठलं?

ते चालकाच्या मानेला कळतं. खुर्चीखालून गाडीची शेपटी सुटली की डोक्यात विचार येण्याआधी मान आवळते. इंगवल्यांनी कॉलरमध्ये एक पट्टी बसवली. मान ठरावीक उंबरठ्यापलीकडं आवळली की फेस सुटतो. या पट्टीचं नाव भयवेधक. ती आल्यापासून ट्रॅकवर कुणी मेलं नव्हतं, या वर्षापर्यंत.

“शरीर शिकतं, सर,” नसीमा म्हणाली. “हे दोघंही जुने चालक. आपटले, फेसातून हसत बाहेर आले. पुन्हा आपटले, पुन्हा हसत बाहेर. मग मान कशाला आवळेल? तिच्या लेखी भिंत म्हणजे गादी.”

“म्हणजे कवच चालतं भीतीवर, आणि कवचच भीती खातं.”

“हां. नवख्याला वाचवतं, मुरलेल्याला मारतं.”

“मग उंबरठा खाली आणू. मान जराशी आवळली तरी फेस सुटू दे.”

“आणि शेजारची गाडी नुसती जवळून गेली तर? धडक नाही, काही नाही, आणि भर घोळक्यात फेस सुटला! स्टिअरिंगवर हात गोठले, डोळ्यांपुढं पांढरं. आंधळी गाडी होईल ती. मागून येणाऱ्यांनी काय करायचं?”

शर्यती थांबवा म्हणून सांगायला दोघं शर्यत मंडळाकडं गेले. मंडळानं चहा पाजला आणि सांगितलं, रविवारची शेवटची शर्यत झाली की हंगाम संपतो, मग सवडीनं बघू. हंगाम म्हणे! जसा काही उसाचा गळीत हंगामच.

परत आल्यावर इंगवल्यांनी लेकीची रेषा काढली. कल्याणी चोवीस वर्षांची, त्या दोघांपेक्षा कितीतरी कमी वेळा आपटलेली. तरी तिची रेषा त्यांच्याहून सपाट. मागच्या धडकेत ती उंबरठ्याला कशीबशी शिवली होती. एवढ्यावर पोर वाचली होती.

“हिचं इतक्या लवकर कसं?” त्यांनी विचारलं.

नसीमा म्हणाली, “तुमच्या आवाजामुळं, सर.”

फेस सुटला की चालकाला हेल्मेटमध्ये खूण ऐकू येते. बाकीच्यांना शिट्टी. कल्याणीच्या हेल्मेटमध्ये इंगवल्यांनी हौसेनं स्वतःचा आवाज भरला होता: “भिऊ नको बाळा, मी हाय.” आपल्याकडं हेच चालतं. तालमीत पहिला डाव शिकवण्याआधी ‘भ्यायचं न्हाई’ शिकवतात, पोर पडलं की रडण्याआधी तेच ऐकवतात. शिट्टीनं कुणाची भीती जात नाही. बापाच्या आवाजानं जाते, आणि त्या आवाजानं ती मुळासकट उपटली होती.

इंगवल्यांनी आवाज त्याच दिवशी पुसून टाकला. पण गेलेली भीती पुसून परत येत नसते.

वर्कशॉपात कल्याणी मारुतीदादांबरोबर टायर बघत होती. मारुतीदादा चौगुले चक्रावरचे सगळ्यात जुने चालक, कल्याणीला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलेलं. इंगवल्यांनी दोघांनाही सगळं सांगितलं, रेषा दाखवल्या. मारुतीदादांची तर टेबलाच्या कडेसारखी.

“मला भ्या वाटत न्हाई म्हणून मी मरणार?” मारुतीदादा खदखदून हसले. “अहो डॉक्टर, भ्या वाटू नये म्हणूनच आईनं जन्मभर खारीक-खोबरं चारलं की मला!”

“बरं, मग भितो की मी,” कल्याणी म्हणाली. कोल्हापूरच्या पोरींसारखं तीही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायची. तिनं पट्टी गळ्यात घातली, डोळे घट्ट मिटले, तोंड वेडंवाकडं केलं. पडद्यावरची रेषा हलली नाही. गुरू-शिष्य पोट धरून हसायला लागले.

“कल्याणी, रविवारी उतरू नकोस.”

“शेवटची शर्यत सोडू? काहीतरीच काय, आबा. आणि कवच हाय की. तुम्ही केलेलं हाय.”

माहीत असणं वेगळं आणि भिणं वेगळं. पोरीला सगळं माहीत होतं, आणि ती भीत नव्हती, कारण बाप तिच्या बाजूला उभा होता.

शनिवारी त्यांनी पाना घेतला आणि तिच्या देखत तिच्या गाडीतल्या दोन्ही नळकांड्या काढल्या.

“हे काय करताय?”

“बिनभरवशाचं कवच मी माझ्या लेकीच्या अंगाशी ठेवणार नाही. उतरायचं तर उघडी उतर.”

ती हसली. मग बापाच्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. रिकाम्या खोबणीत हात घालून तिनं चाचपून बघितलं. “खरंच काढलं?”

“खरंच.”

तिचा हात आपोआप मानेकडं गेला. मापासाठी गळ्यात घातलेली पट्टी जागी होती, ती मोजत होती, आणि पडद्यावर रेषा उठली. ठसठशीत उठली. लेक भ्याली म्हणून बापाला आनंद झाला. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

वाटलं होतं, ती माघार घेईल. ती इंगवल्यांचीच होती, तिनं घेतली नाही. त्यावर पुढचा बेत तयार होता. रविवारी चालकांची बैठक सुरू असताना नसीमानं नळकांड्या गुपचूप परत बसवल्या. पोरीला वाटणार कवच नाही, म्हणून मान भिणार. मान भ्याली की कवच धावून येणार.

“जमलंय, सर,” नसीमा हात पुसत म्हणाली. “आता उंबरठ्याला हात लावू नका. भीती परत आलीय, तेवढं पुरे. दोन्ही केलं तर घोटाळा होईल.”

“नाही लावत.”

ती गेली. इंगवले गाडीजवळ एकटेच उभे राहिले. मागच्या धडकेतली ती कशीबशी शिवलेली रेषा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना सगळं कळत होतं. पण समजा ऐनवेळी पोर पुन्हा निडर झाली तर? त्यांनी उंबरठा जरासा खाली आणला. मग आणखी जरासा. शेवटी तो वर्कशॉपातल्या तिच्या भीतीच्या बोटभरच वर राहिला.

बैठकीहून येताना कल्याणीनं मारुतीदादांना सांगितलं होतं की तिची गाडी आज उघडी आहे. दादांचं हसू मावळलं. “आबानं असं कसं केलं?” मग म्हणाले, “मी तुझ्या शेपटीलाच ऱ्हातो. मागनं कुणाला चिकटू देत न्हाई तुला.”

आणि राहिले. सुरुवातीच्या फेऱ्यांत कल्याणी घोळक्यापासून लांब, कडेकडेनं चालवत होती, जन्मात पहिल्यांदा. प्रयोगशाळेच्या गाडीत बसून इंगवले आणि नसीमा तिची रेषा बघत होते. ती सतत थरथरत होती. नसीमाच्या कपाळाला आठी पडली.

“सर, उंबरठा एवढ्या जवळ कसा काय दिसतोय?”

इंगवल्यांनी पडदा स्वतःकडं वळवून घेतला.

घोळका दाटत गेला. वळणावर डावीकडची एक गाडी वाऱ्यानं जराशी सरकली, वीतभर अंतर चार बोटांवर आलं, आणि ती परत आपल्या रेषेत गेली. असं प्रत्येक फेरीत होतं. कुणी लक्षही देत नाही.

कल्याणीची मान आवळली. फेस सुटला.

प्रेक्षकांना एवढंच दिसलं, की एका गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या आणि वळणावर ती वळलीच नाही. सरळ जाऊन भिंतीला घासली, फिरली आणि आडवी होऊन ट्रॅकच्या मधोमध आली. तिच्या शेपटीला एकच गाडी होती. मारुतीदादांनी स्टिअरिंग फिरवलं, तिच्या दारावर जाणारी आपली गाडी जेमतेम तिच्या मागच्या चाकावर घेतली, तिथून उडाले आणि भिंतीवर गेले. त्यांची रेषा शेवटपर्यंत टेबलाच्या कडेसारखी होती. त्यांच्या गाडीत दोन्ही नळकांड्या भरलेल्या सापडल्या.

वैद्यकीय कक्षात कल्याणीच्या अंगावरचा फेस विरघळवून काढला होता. तिला खरचटलंही नव्हतं. इंगवले आत आले आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

“दादा कुठायत?” तिनं विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. तिला कळलं.

“आबा, नळकांड्या तुम्ही काढल्या होत्या ना? माझ्यासमोर?”

“परत बसवल्या होत्या. तुला न सांगता.” ते घाईनं बोलत होते. “तू भ्यावीस म्हणून, बाळा. आणि बघ, चाललं की नाही? धडक झाली तेव्हा कवचानं तुला—”

“कसली धडक?” तिनं हात सोडवून घेतला. “फेस सुटला तवा मला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं, आबा. मी नुसता भ्यालो होतो.”