डावीकडे ओढणारी गाडी

"मामा, सतराचा पाना द्या हो!"

गाडीखालून फक्त एक हात बाहेर आला होता, ग्रीसने माखलेला. मामा तर कोपऱ्यावर चहाला गेलेले. गॅरेजात उभी होती ती चष्मेवाली. दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, आणि इथे आली होती निव्वळ एक चौकशी करायला. तिने टेबलावरच्या पसाऱ्यातून बरोबर आकडा शोधला आणि पाना त्या तळहातावर ठेवला.

"वा मामा! आज पहिल्याच फटक्यात?"

"मामा चहाला गेलेत," ती म्हणाली.

हात थबकला... मग घाईघाईने एक माणूस बाहेर आला आणि येता येता कपाळ आपटून घेतलं त्याने. तिला हसू आवरेना. आज इतक्या वर्षांनी ती हे सांगते तेव्हाही हसते, आणि तो अजूनही लाजतो.

चौकशी होती बाहेर उभ्या असलेल्या गाडीची. पिकल्या लिंबाच्या रंगाची, दोनच माणसांची, इवलीशी स्पोर्ट्स कार. तिच्या दादाने हौसेने घेतलेली. लहानपणी दोघं बहीणभाऊ वहीच्या मागच्या पानांवर गाड्या काढायची, जमिनीला टेकलेल्या, जाड जाड चाकांच्या. पुढे दादाला जुळी झाली, दोन सीटच्या गाडीत संसार काही मावेना, आणि गाडी बहिणीकडे आली.

"मला ती चित्रातल्यासारखी हवीय," ती म्हणाली. "बुटकी आणि रुंद. शिवाय घाटात वळणावर अशी कलते, की जीव मुठीत धरावा लागतो. महिनाअखेरीला घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात रुजू व्हायचंय मला."

"परत कधी येणार?"

"परत कशाला येऊ? कायमची नोकरी आहे."

"होईल काम," तो म्हणाला. "दहा दिवस लागतील."

चहा पिऊन परतलेल्या मामांनी भुवया उंचावल्या. ती गेल्यावर म्हणाले, "भाच्या, चार दिवसांचं काम आहे हे."

"रुंद टायर मिळायला वेळ लागतो, मामा."

"मिळालेत की. कालपासून माळ्यावर पडलेत." भाचा पुन्हा गाडीखाली सरकला. मामांनी पुष्कळ पावसाळे पाहिले होते, त्यांनी पुढे विचारलं नाही.

मग ती रोज संध्याकाळी दुकान बंद करून येऊ लागली. गॅरेजात नव्या रबराचा वास, पत्र्यावरून उतरणारं ऊन, आणि तो. नवी आखूड स्प्रिंग बसली, गाडी चार बोटं खाली आली. मग रुंद चाकं चढली. आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या कडेला घासतो का, ते पाहायचं होतं. ती आत बसून स्टिअरिंग वळवायची आणि तो चाकापाशी कान लावून बसायचा.

"अजून... अजून थोडं... थांबा."

"घासलं?"

"नाही. पण... पुन्हा एकदा वळवा."

पहिल्या खेपेलाच सगळं ठीक होतं. तरी त्या संध्याकाळी स्टिअरिंग अकरा वेळा वळलं, आणि तिनेही तक्रार केली नाही.

आठव्या दिवशी तो अडखळत म्हणाला, "आता चालवणाऱ्याचं वजन धरून चारही चाकं जुळवायची. तर... तुमचं वजन?"

"बाईमाणसाला वजन विचारता?"

"मग नुसत्या बसा. मी मोजून घेतो."

ती बसली आणि श्वास रोखून धरला.

"घ्या श्वास. त्याचं वजन नसतं." तिच्या हसण्याने तो थोडा धीट झाला. "आणि... शेजारी कोण बसणार?"

"कोण बसणार? एकटीच तर जाणार आहे मी."

तो मान खाली घालून नट आवळत राहिला. तिला वाटलं, आता बोलेल. आता तरी बोलेल... दहाव्या दिवशी त्याने किल्ली दिली आणि म्हणाला, "जपून चालवा." बस. एवढंच. घरी जाताना तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती परत आली, तणतणत.

"गाडी डावीकडे ओढते!"

"माझ्या भाच्याच्या हातून?" मामा म्हणाले. "शक्यच नाही."

"मामा, चहा घेऊन या जरा," भाचा म्हणाला.

"आत्ताच घेतला."

"अजून एक घ्या."

मामा गालात हसत निघून गेले. तो हात पुसत उभा राहिला, हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"चूक नाही ती. जुळवताना डाव्या सीटवर वाळूची पोती ठेवली होती. एकोणसत्तर किलो. तेवढं वजन शेजारी असलं तरच ती सरळ धावते."

"एकोणसत्तरच का?"

"माझं... तेवढं आहे."

बाहेर कुणाचा तरी हॉर्न वाजत राहिला. तिचे कान तापले होते.

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"रोज ठरवत होतो. तू आलीस की जीभ उचलायची नाही." आपण 'तू' म्हणालो हे त्याच्या ध्यानीही नव्हतं. "पंधरा मिनिटांत सरळ करून देतो. गाडी एकटीने चालवायची आहे तुला, मला असला आगाऊपणा करायला नको होता."

"खबरदार," ती म्हणाली, "गाडीला हात लावलास तर."

ती गेली. जायचंच होतं. घाटाच्या पायथ्यापर्यंत तो डाव्या सीटवर होता आणि तोवर गाडी सुतासारखी सरळ धावली. तिथे तो उतरला, बसने परतला. मामांना एकट्याला टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. घाट तिने एकटीने चढला. टायर वळणावर रस्ता घट्ट धरत होते, आणि ती डोळे पुसत स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरत होती.

नव्या शहरात तिच्या रस्त्यावरच तीन गॅरेज होती. तिने एकातही पाऊल टाकलं नाही. दर रविवारी फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"अजून ओढते?"

"ओढते."

आठ महिने असे गेले. अखेर मामांनीच हाताखाली एक जाणता मेकॅनिक ठेवला आणि भाच्याला अक्षरशः हाकललं. "तुझं तोंड बघून गिऱ्हाइकं पळतात. जा!"

एका सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला, हातात कपड्यांची बॅग घेऊन.

"हत्यारं कुठेत?" तिने विचारलं.

"नाही आणली."

"मग गाडी नीट कशी करणार?"

त्याने गाडीचं डावीकडचं दार उघडलं, बॅग मांडीवर घेतली आणि आत बसला.

"चालव," तो म्हणाला.