गॅस येईपर्यंत

ती बेल पाच मिनिटं आधी वाजली असती, तर लुबनाला ऐकूच आली नसती. मुलुखियाच्या पाल्याच्या हिरव्यागार रश्श्यावर लसणाची फोडणी ओतताना तिला जगातलं दुसरं काही ऐकू येत नसे. पण बेल वाजली ती नेमकी ताटं मांडून झाल्यावर. सूर्यास्ताची, मगरिबची अजान नुकतीच संपली होती आणि बाहेर अलेक्झांड्रियाचा हिवाळी पाऊस समुद्रावरून आडवा येत होता.

दारात एक उंच, भिजलेला माणूस उभा होता. केसांत लाकडाचा भुसा.

"माफ करा हं... मी वर तिसऱ्या मजल्यावर नवीन आलोय. आतिफ माझं नाव. तुमच्याकडे गॅस आहे का चालू? माझी शेगडी काही केल्या पेटत नाहीये."

"आमच्याकडे तर आहे," लुबना म्हणाली.

आता, जेवणाच्या वेळी कोणी दारात आलं की 'या, जेवायला बसा' म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं छातीवर हात ठेवून 'तुमचं चालू द्या, सुखानं जेवा' असं म्हणत जिना गाठायचा असतो. तीनदा आग्रह झाल्याशिवाय तर कोणी उंबरा ओलांडतच नाही. हे त्या शहरात शेंबड्या पोरालाही कळतं.

"या ना, जेवायला बसा," लुबना म्हणाली.

"बसतो की!" तो म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला.

लुबना दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. पातेल्यात सशाचे दोनच तुकडे होते. एक तिचा आणि एक बाबांचा. बाबा, म्हणजे ट्रामचे निवृत्त चालक रिफअत. बायको गेल्यापासून दोन वर्षं ते औषध घेतल्यासारखे जेवत होते. पाहुणा पाहताच मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची सरकवून दिली.

लुबनानं आपला तुकडा पाहुण्याच्या ताटात घातला. "मी संध्याकाळी हलकंच खाते."

तेवढ्यात तिच्या पोटानं गुरगुर केली. चांगली मोठ्यानं. आतिफनं तुकड्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग तिच्या ताटात सरकवला.

"मिस," ती शाळेत शिकवायची, तिथं तिला ज्या नावानं हाक मारत तेच त्यानं बाबांच्या बोलण्यातून एव्हाना उचललं होतं, "खोटं बोलण्याआधी पोटाला तरी विश्वासात घ्यायचं."

लुबनाला राग यायला हवा होता. आला नाही.

दुसऱ्या दिवशी गॅस कंपनीचा माणूस आला. तिसऱ्या मजल्याचा पाइप गंजलाय, तो बदलेपर्यंत मीटर बंद, असं सांगून त्यानं सील ठोकलं. कधी बदलणार? "बघू, आठवडाभरात."

"मग गॅस येईपर्यंत इथंच जेवायचं, मिस्त्री," बाबांनी जाहीर करून टाकलं. आतिफ अनफूशीच्या धक्क्यावर लाकडी होड्या बांधायचा, म्हणून ते त्याला मिस्त्री म्हणू लागले होते. लुबनाला कोणी विचारलंच नाही. तिनं मुकाट्यानं डाळीच्या सूपमध्ये एक वाटी पाणी वाढवलं.

त्या संध्याकाळी सूपवर लिंबू पिळता पिळता बाबांना चेष्टेची लहर आली. "मिस्त्री, एक सांगू? काल माझ्या पोरीनं तुम्हाला बोलावलं ना, ते नावाड्याचं आमंत्रण होतं बरं का!"

नाईलवरून जाणारा नावाडी भर प्रवाहातून काठावरच्या माणसाला 'या हो जेवायला!' म्हणून हाक देतो. काठावरचा काही पोहत येणार नसतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. वरवरच्या बोलावण्याला तिथं हेच नाव आहे.

आतिफनं चमचा खाली ठेवला. "रिफअतकाका, माझे वडील नाईलकाठच्या रशीद गावी नावाडी आहेत. चाळीस वर्षं झाली."

लुबनाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि एवढंच सांगतो," तो पुढे म्हणाला, "माझा बाप हाक मारतो ना, तेव्हा होडी काठाला लावतो. मग माणसाला जेवावंच लागतं. कितीतरी जण बिचारे भरल्या पोटी येऊन अडकलेत!"

बाबा खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, लुबनाला पाणी द्यावं लागलं. ते हसणं या घरानं किती महिन्यांनी ऐकलं होतं! पाण्याचा पेला धरताना लुबनाचे डोळे भरून आले, आणि आतिफनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचं हे न पाहणं तिला फार आवडलं.

सोमवारी अळकुड्यांचा रस्सा होता, मंगळवारी भात-मसूर-शेवयांची कोशरी. तो कधी रिकाम्या हातानं आला नाही. कधी लोणच्याची बरणी, कधी कोवळा मुळा, तर एकदा चक्क घासून गुळगुळीत केलेली लाकडी पळी. "तुमची पळी डगमगते, मिस. माझ्यानं बघवत नाही."

"आमच्या पळीकडे बघायला येता होय?"

"पळीकडे... आणि पळीच्या आसपास."

लुबना ताटं उचलून आत गेली आणि रिकाम्या ओट्याकडे बघून हसत बसली.

पण हसू आलं की मागोमाग भीतीही यायची. तिचा होणारा नवरा हिशाम कुवेतला जाताना म्हणाला होता, "सहा महिन्यांत बोलावतो." सहाचे अठरा झाले, आणि एके दिवशी फोनवर दोन वाक्यांत साखरपुडा मोडला. तेव्हापासून गोड बोलणाऱ्यांचं बोलणं ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. या माणसाचं मात्र सोडून देता येत नव्हतं. गॅस आला की हा जाणार, आणि बाबा पुन्हा औषध गिळल्यासारखे जेवणार... आणि आपण? त्या प्रश्नापाशी ती थांबायची.

बुधवारी दुपारी दोनला ती शाळेतून परतली तेव्हा दारवान सब्री खालीच बसून चहा पीत होता.

"घ्या मिस, चहा घ्या. तिसऱ्या मजल्याच्या मिस्त्रीनं करून दिलाय, त्याच्याच शेगडीवर."

"शेगडीवर? गॅस आला?"

"सोमवारीच नाही का आला! सकाळी पाइप बदलला, दुपारी सील काढलं."

सोमवारी. म्हणजे अळकुड्या खाल्ल्या तेव्हा गॅस होता. कोशरी दोनदा वाढून घेतली तेव्हाही होता! लुबना अर्धा जिना चढली, पहिल्या मजल्यावर थांबली, कठड्याला टेकून एकटीच हसली. मग तशीच उलटी फिरून बाजारात गेली.

त्या संध्याकाळी तिनं कोबीची महशी केली. एकेक पान उकडायचं, शिरा काढायच्या, आत भात भरून बोटाएवढ्या वळ्या वळायच्या. अख्खी दुपार जाते, कंबरेचा काटा ढिला होतो. शिष्टाचार म्हणून महशी कोणी कोणासाठी करत नाही.

आतिफ ताटाकडे बघतच राहिला. "आज पाहुणे यायचेत का कोणी?"

"छे. कोबी ताजा मिळाला." आणि मग तिला खोडी काढायचा मोह आवरला नाही. "ते जाऊ दे, तुमच्या गॅसचं काय झालं हो?"

त्याच्या हातातली वळी हातातच राहिली. "गॅस... ते... म्हणजे कंपनीवाल्यांचं काय, आज-उद्या..."

एरवी वीस वळ्या फस्त केल्या असत्या. त्यानं जेमतेम सात खाल्ल्या आणि 'देव तुमचे हात शाबूत ठेवो' असं, रांधणाऱ्याला म्हणतात तसं, पुटपुटत निघून गेला. लुबनाला वाटलं, काय मज्जा आली!

गुरुवारी तो आला नाही.

अजान झाली. तीन ताटं मांडली होती. "थांबू थोडं," बाबा म्हणाले. भातावरची वाफ गेली. पुन्हा एकदा "थांबू" झालं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून, वरून, कांदा करपल्याचा वास आला. म्हणजे शेगडी पेटली होती. तो घरीच होता, आणि आला नव्हता.

लुबनानं तिसरं ताट उचललं. आपणच मूर्ख! नको ती चेष्टा करून माणसाला तोंड लपवायला लावलं. की त्याला फक्त जेवणच हवं होतं, आणि आता तेही पुरे झालं होतं? ती जिन्यात गेली, सहा पायऱ्या चढली, आणि हिशामचा तो शेवटचा फोन आठवून परत खाली आली. रडू आलं. वरच्या करपलेल्या कांद्याला नावं ठेवत बाबा एकटेच काहीबाही बोलत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून.

शुक्रवारी दुपारची नमाज सुटल्यावर बेल वाजली. दारात आतिफ, इस्त्रीचा सदरा, हातात झाकलेलं पातेलं, बोटाला पट्टी.

"काल का नाही आलास?"

तोंडून निघून गेलं. आठवडाभराचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं, आणि ते दोघांनीही ऐकलं. तिचे कान तापले, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

"तुमच्या... तुझ्या घरचं मीठ खाल्लंय, लुबना," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. "खाल्ल्या मिठाला जागायचं, तर खोटं बोलून पुन्हा त्याच ताटावर बसवेना. गॅस सोमवारीच आलाय. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यायचं कारण संपलं असतं. बुधवारी तू विचारलंस आणि... लाज वाटली. काल स्वतःच करून बघितलं, कांदा जाळला, बोट कापलं. आज फोनवर आईला विचारत विचारत हा मासेभात केलाय. मीठ बहुतेक जास्त झालंय."

"मला बुधवारीच कळलं होतं."

"बुधवारी... आणि ती महशी..." त्याच्या कपाळावर आठी पडली. "कळलं कधी? दुपारी की जेवणानंतर?"

"दुपारी दोनला. कोबी अडीचला आणला."

तो हिशोब लावत होता, आणि तो लागत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला. लुबनाला मात्र हसू येईना.

"आतिफ, एकदा एकानं मला गोड शब्दांवर दीड वर्ष ताटकळत ठेवलंय. म्हणून सरळ विचारते, तूही सरळ सांग. गॅस आला. आता कशासाठी येणार?"

"तुझ्यासाठी. जेवायला नाही मिळालं तरी." त्यानं पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, चटका बसत असावा. "काल वडिलांना फोन केला. ते आणि आई रविवारी येतायत, रिफअतकाकांकडे तुला मागणी घालायला. तुला न विचारता बोलावलंय, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल. पण तू नको म्हणालीस तर ते नुसता समुद्र बघून परत जातील. मी काही म्हणणार नाही."

म्हणजे हा माणूस नुसता बोलला नव्हता. रशीदहून दोन म्हातारी माणसं खरोखरच निघणार होती.

"नको कशाला म्हणू?" ती म्हणाली. "मला हवायस तू. रोज."

"जेवायला?"

"जेवायलाही."

आतून बाबांच्या खाकरण्याचा आवाज आला. "उंबऱ्यात उभं राहून काय ठरवताय रे दोघं? परवानगी इथं आत बसलीय, आणि तिला कडकडून भूक लागलीय!"

लुबनानं त्याच्या हातातलं पातेलं घेतलं आणि बाजूला होऊन त्याला आत यायला वाट दिली.