माणूस हवा होता

मोहिनीताई, तुम्ही आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये यायचं म्हणताय, म्हणून सांगते. ऐका आणि मग ठरवा.

मंचरला सावळेरामभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही आठ-नऊ हौशी मंडळी जमतो. प्रत्येकाने आपला एक फोटो भाऊंना द्यायचा आणि भाऊंनी तो भिंतीवरच्या टीव्हीवर लावायचा. कुणाचा ते आधी सांगायचं नाही. प्रत्येकाने एक चांगलं आणि एक कमी सांगायचं, बोलताना कुणाचंही नाव घ्यायचं नाही. सगळ्यांचं झालं की ज्याचा फोटो त्याने हात वर करायचा. नावं कळली की लोक एकमेकांना लोणी लावतात, म्हणून हा नियम मीच केला होता.

मी पेठला शाळेत शिकवते, त्यामुळे चुका काढायची खोड आहेच. माझा नवरा समाधानही ग्रुपमध्ये होता. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि सुट्टीत पाखरांचे फोटो काढायचा. घरी परतताना गाडीवर म्हणायचा, “तुझं खरं असतंय ज्योत्स्ना, पर जरा दमानं बोलत जा.” मी हसण्यावारी न्यायचे.

मार्चमध्ये एक फोटो आला. टळटळीत दुपार, चहूकडे ऊस आणि मधोमध जुनी दगडी विहीर. माणूस नाही, पाखरू नाही. बघता बघता खोलीत शेवाळाचा वास सुटला. कूलरचा असेल, असं वाटलं मला.

“ऊन सुरेख पकडलंय,” मी म्हणाले. “पण नुसतीच विहीर आहे. माणूस हवा होता.”

कुणीच हात वर केला नाही. भाऊ म्हणाले, “मला ह्यो फोटू कुणी दिलाच न्हाई…” आम्ही त्यांची चेष्टा केली आणि पुढचा फोटो लावायला सांगितला.

पंधरा दिवसांनी समाधान निमगाव साव्याला एक मोटार बघायला गेला, तो परत आलाच नाही. त्याची मोटारसायकल उसाच्या कडेला सापडली. लोकांना बिबट्याची शंका आली. सगळा ऊस पालथा घातला, जवळच्या विहिरीचं पाणी उपसलं, पण चप्पलसुद्धा मिळाली नाही. सासूबाई दाराकडे तोंड करून बसून राहायच्या. ताट पुढे ठेवलं की म्हणायच्या, “त्यो आल्याव जेवंन.” शाळेतून घरी यायची मला भीती वाटायला लागली.

एप्रिलच्या रविवारी मी मंचरला गेले ती फक्त कुणाला काही कळलंय का, हे विचारायला. टीव्हीवर तीच विहीर होती. आणि काठावर समाधान बसला होता. अंगावर घरातून घालून गेलेला चौकड्यांचा शर्ट, नखशिखांत भिजलेला. तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखं.

माझा तोल गेला. मी टीव्हीशीच बोलायला लागले. “माणूस नको… सोडा त्याला. नुसती विहीरच बरी होती.”

घरी आले तर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत, आमच्यात लग्नात नेसतात त्या पांढऱ्या साडीत, मी एकटीच उभी. माझा हात कुणाचातरी हात धरल्यासारखा पुढे आलेला, आणि त्या हातात काहीच नव्हतं. मोबाइलमधले अकरा वर्षांचे फोटो चाळले. कुठेच तो नव्हता. त्याच्या आधार कार्डावर फोटोच्या जागी पांढरा चौकोन होता. मी केलं होतं हे, माझ्या या तोंडाने.

मेच्या रविवारी पुन्हा नुसती विहीर आली. काय बोलायचं ते मी महिनाभर घोकलं होतं. टीव्हीच्या काचेवर दोन्ही हात टेकले आणि तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली. “माणूस हवा,” मी म्हणाले. “इथं माणूस हवा होता.”

नाव घेतलंच नाही मी.

लक्षात आलं तोवर लाईट गेली. काळ्या टीव्हीसमोर मी ‘समाधान, समाधान’ म्हणून ओरडत राहिले. भाऊंनी मला धरून खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणूस उभा होता. सासूबाई धडपडत उठल्या. “आलास व्हय रं…” म्हणत त्याच्या तोंडावरून हात फिरवला. शेजारपाजार गोळा झाला. सगळे म्हणाले, समाधान आला. शर्ट तोच चौकड्यांचा.

तो समाधान नाही, ताई. अकरा वर्षं ज्याच्याशेजारी निजले, तो मला कळणार नाही का? पण सांगू कुणाला? भिंतीवरच्या फोटोत आता माझा हात यानेच धरलाय. मोबाइलमध्ये हाच आणि आधार कार्डावरही हाच. माझा समाधान कसा दिसायचा, हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो उरलेला नाही. भाऊ म्हणतात, “लई सोसलंय तुमी, मॅडम… झोपा जरा.” सासूबाई पोटभर जेवतात. त्यांच्याकडे बघून मी गप्प बसते.

हळू बोला, तो आत आहे. तसा त्याचा काही त्रास नाही. पाणी भरतो, भांडी घासतो. फक्त रोज संध्याकाळी कामं आटपली की येतो आणि माझ्यासमोर दिव्याखाली उभा राहतो. हलत नाही. मी काहीतरी चांगलं सांगते. आज पाणी वेळेवर भरलंस, आईंचे पाय चेपलेस. खरं काय ते बोलून टाकावं, असं जिभेवर येतं. पण हा गेला, तर तो येईलच असं कुठं आहे?

माझं बोलून झालं, तरी तो तिथेच उभा असतो. मग हलक्या आवाजात विचारतो,

“आनि कमी काय?”