जागा बघायला आलेला

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. वाटूच नये, इतकी ती खरी आहे. बारवी धरणाच्या रस्त्यावर एक माणूस हिवाळाभर जागा बघायला येत राहिला आणि त्यानं एक गुंठासुद्धा घेतला नाही... बदलापुरात असं कधी कुणी ऐकलंय?

त्या रस्त्याला, स्वतःच्याच भातशेताच्या कडेला, जनीची चहा-भजीची टपरी. तुळशीचं लग्न उरकलेलं, शेतात झोडणी चाललेली, आणि एका दुपारी टपरीसमोरच एका बाइकची चेन पडली. तो खडखडाट पार अंबरनाथपर्यंत ऐकू गेला म्हणतात. बाइकवरून उतरला दिपेश. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड गोफ, डोळ्यांवर गॉगल आणि पायांत – पांढरेशुभ्र बूट.

संपलं. या रस्त्याला पांढरे बूट घालून येतो तो जमिनीचा एजंट, हे शेंबडं पोरही सांगेल. दिपेश बिचारा मोरिवलीचा, कंपनीत सुपरवायझर. चुलतभावाच्या हळदीला निघालेला. गोफ मित्राचा, गॉगल मेव्हण्याचा. पण हे बुटांवर थोडंच लिहिलेलं असतं?

चेन बसवून त्याचे हात काळेकुट्ट झाले. जनीनं तांब्यातून पाण्याची धार धरली. त्यानं मान वर केली... आणि हळदीला जायचंच विसरला.

पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

"आज काय काम काढलंत?" जनीनं विचारलं.

तुम्हालाच बघायला आलो, असं कुठला शहाणा तोंडावर सांगतो? तो गडबडला. "असंच... जागा बघतोय."

जनीच्या कपाळावर आठी चढली. तिच्या चुलत्याची जमीन असाच एक गोडबोल्या एजंट गिळून बसला होता.

"गो जने, तो पांढरे बुटांचा पोऱ्या परत आयलाय," पेंढ्याच्या उडवीमागून तिचे वडील शंकरराव दर रविवारी वर्दी द्यायचे. आणि मग दिपेशनं काहीही केलं तरी त्याचा अर्थ ठरलेला. भाताचं पोतं उचलू लागला – एकरी उतारा काढतोय. कुत्र्याचे कान खाजवले – राखणदार फोडतोय. फोनवर बोलत बांधावरून चालला – पावलांनी मापं घेतोय. एकदा तर करपलेली भजी त्यानं मिटक्या मारत खाल्ली.

"बघ," शंकरराव कुजबुजले, "ही भजी ज्याला गोड लागतान, त्याची नजर जमिनीवरच हाय."

गंमत अशी, की हीच कामं दुसऱ्या कुणी तिच्यासाठी केली असती, तर जनी केव्हाच विरघळली असती. विरघळत होतीच... म्हणून तर राग यायचा. हा बघतो ते माझ्या डोळ्यांत, की माझ्यामागच्या सातबाऱ्यात?

शेवटी शंकररावांनी काठी काढली. "आज त्याला हाकलतोच."

"थांबा बाबा. मी बघते."

तिनं चहाचा कप दिपेशपुढे ठेवला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "जागा विकली आम्ही."

आणि झाऱ्यानं कढईतली नसलेली भजी उलटू लागली. आता हा गॉगल चढवणार, किक मारणार, आणि रविवार नुसताच वार उरणार...

दिपेशचा चेहरा उतरला. "मग तुम्ही राहणार कुठे?"

"मांजर्लीला. फ्लॅट घेतोय."

"कितवा मजला?"

"तळमजला. बाबांचे गुडघे दुखतात."

"तळमजला नका घेऊ." तो बाकड्यावरून उठलाच. "पावसाळ्यात नदी घरात येते तिथे. माझ्या आत्याचा फ्रिज तरंगत दुसऱ्या सोसायटीत गेला. लिफ्टवाली बिल्डिंग बघा, दुसरा मजला. मी येतो बघायला... म्हणजे, चालत असेल तर."

जनी बघतच राहिली. जमीन गेली असं ऐकूनही हा गेला नाही. उलट हा बाबांच्या गुडघ्यांची काळजी करतोय.

"तुम्ही कसले एजंट हो?"

"एजंट? कोण?"

"तुम्हीच. जागा बघता ना?"

"बघतो ना."

"कुठली?"

दिपेशनं तिच्या स्टुलाकडे पाहिलं, मग स्टुलाशेजारच्या रिकाम्या डब्याकडे. "ही... तुमच्या शेजारची. अजून गेली नसेल तर."

"तिला फार भाव आहे."

"असू दे. सध्या नुसतं बसायला मिळालं तरी खूप."

मग काय विचारता. दिपेशनं धीर करून जनीचा हात धरला. धरतोय तोच बारवीचं अख्खं पाणी उलटं फिरून डोंगर चढलं, उडवीमागे लपलेल्या शंकररावांच्या डोक्यावर मोर येऊन नाचला, आणि –

"खोटं," माझी गोष्ट ऐकणाऱ्यांचे चहाचे कप गोळा करता करता जनीच मला म्हणाली. "पाण्याचं नि मोराचं राहू द्या, काका. हात त्यानं नव्हता धरला. मी धरला होता."