अठ्ठ्याऐंशी नंबरची कथा

ही घटना खरी आहे. खोटं रचण्याइतका उत्साह क्षिप्रात उरलेलाच नाही.

गेल्या नोव्हेंबरमधला गुरुवार. भर दुपारचे चार. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधलं एका जपानी मासिकाचं ऑफिस.

मासिकाची इंग्रजी कथास्पर्धा होती. आलेल्या तीनशे बारा कथा आधी क्षिप्राने वाचायच्या, त्यातल्या दहा परीक्षकांकडे पाठवायच्या. अठ्ठ्याऐंशी नंबरची कथा तिने अर्ध्या पानावरच बाद केली होती. दमली होती बिचारी.

तरी ती कथा परीक्षकांच्या गठ्ठ्यात पोचली. कशी... कोणालाच माहीत नाही.

आणि तिलाच पुरस्कार मिळाला.

जपानी रीत अशी, की आधी लेखकाला फोन करून विचारायचं, 'पुरस्कार स्वीकारता का?' तो 'हो' म्हणाला तरच जाहीर करायचं. पाचला घोषणा होती. 'हो' आलं नाही तर चौकशी होणार, न वाचता बाद केल्याचं बाहेर येणार आणि क्षिप्राची नोकरी जाणार. नोकरीबरोबर सिंगापुरात राहायचा पासही.

तिने फोन लावला. लेखक गोपीनाथ, जहाजावरचे इंजिनियर.

"मराठीच ना तुम्ही? बरं झालं," ते म्हणाले. "कथा वाचलीत?"

"हो, काका."

"शेवट सांगा."

क्षिप्रा घाईने पानं उलटू लागली.

"वाचा मग. मोठ्याने. मी थांबतो."

ती वाचू लागली. पलीकडे इंजिनाची घरघर होती... मग तीही थांबली. श्वाससुद्धा ऐकू येईना...

विसाव्या पानावर शेजारच्या दर्शनने चिठ्ठी सरकवली. 'लेखकाच्या बायकोचा मेल आलाय. ते जानेवारीतच वारले.'

स्पर्धा जूनमध्ये सुरू झाली होती.

क्षिप्रा फोन ठेवणार, तोच...

"थांबू नका, मॅडम. आता कुठे रंगात आलीय."

तिने वाचलं. पाचला दोन मिनिटं कमी असताना कथा संपली. कथा खरंच चांगली होती, हे तर आणखी वाईट.

"स्वीकारतो," काका म्हणाले. "पण फोन ठेवू नका हं."

पलीकडे खुर्च्या सरकल्या... एक... दोन... मग पुष्कळ.

"बाकीचेही थांबलेत. तुम्ही अर्ध्यावर सोडलेले."

घोषणा झाली. नियमात फक्त 'हो' हवं होतं, ते मिळालं होतं. नोकरी वाचली.

त्याला सात महिने झाले. क्षिप्रा रोज चार वाजता दार लावून फोनवर वाचत बसते.

"ठेवून दे ना lah!" दर्शन सिंगापुरी ढंगात म्हणतो.

"ठेवला होता रे. मग मोबाईल वाजला. सायलेंटवर होता."

सध्या एकशे चाळिसावी कथा चालू आहे. भयंकर रटाळ आहे. परवा कंटाळून तिने एक पान गाळलं...

पलीकडे कोणीतरी खाकरलं.