फाळक्यावरची थाप

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी चाकाच्या आवाजाबद्दल कुणी बोलायला लागलं की मी उठून जातो.

सुट्टीची टळटळीत दुपार होती. गॅरेज बंद करून मी शेडमध्ये आडवा झालो होतो, तेवढ्यात दाजींचा ट्रक आला. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ब्रेकचं काम मीच नुकतं करून दिलं होतं, आणि काम केलेली गाडी परत दारात दिसली की कुठल्याही मिस्त्रीचं डोकं फिरतं.

"मागचं डावं चाक वाजतंय," दाजी म्हणाले. "काय बसवलंस देव जाणे. उद्या तुझ्या बहिणीला घेऊन निघायचंय."

ताईचे दिवस भरत आले होते. दवाखाना घाटाखाली होता आणि याच ट्रकमध्ये बसून ती घाट उतरणार होती. मी मुकाट्याने पाने काढले.

ब्रेकचं काम निघालं होतं ते एका मरणामुळे. ट्रक दाजी आणि त्यांच्या भागीदाराचा, सामाईक. भागीदाराचा हात इतका दणकट, की सगळे त्याला हातोडा म्हणत. दाजी गाडी मागे घेत तेव्हा हातोडा मागे उभा राहून फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेवर, थापा मारी. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. शेवटी शेवटी दोघांचं इतकं बिनसलं होतं की त्या थापांपलीकडे बोलणंच उरलं नव्हतं. मग एक दिवस खडीच्या ढिगापाशी दाजी गाडी मागे घेत असताना हातोडा मागच्या डाव्या चाकाखाली चिरडला गेला. ब्रेक लागलाच नाही, असं दाजींनी सगळ्यांना सांगितलं आणि गाडी माझ्याकडे आणून सोडली.

मी जॅक लावून चाक उचललं, हाताने फिरवलं. आवाज नाही. बेअरिंग ठीक, नट घट्ट. म्हणून दाजींना चालवायला सांगितलं आणि शेजारी बसून कान टवकारले.

धप्... धप्... धप्...

लोखंडावर लोखंड आपटलं की खणखणतं. हा आवाज मऊ होता. शिवाय चाकाचा आवाज गाडीबरोबर पळतो. दाजींनी वेग वाढवला, कमी केला, पण हा आपला त्याच संथ चालीने येत राहिला. मला ते मुळीच आवडलं नाही.

अशा वेळी आमची एक रीत असते. डावीकडचा ब्रेकचा ड्रम उजवीकडे घालायचा. आवाज त्याच्याबरोबर गेला तर दोष ड्रमचा, नाही गेला तर दोष आत. घामाघूम होऊन मी अदलाबदल केली. आवाज जागचा हलला नाही. आतल्या स्प्रिंगा पाहिल्या, ड्रमला घासून गाडी थांबवणारे नवे लायनर पाहिले. सगळं जिथल्या तिथे. मी हात टेकले.

"जरा उतरा," मी म्हणालो. "मी एकटा चक्कर मारून येतो."

एकटा गेलो, तर गाडी गप्प. पार नाक्यापर्यंत जाऊन आलो, एक थाप नाही. दाजींना शेजारी बसवलं मात्र, धप्... धप्... सुरू. ड्रम बदलून पाहिले होते, आता माणूस बदलून पाहिला होता. आवाज ज्याच्याबरोबर जातो, दोष त्याचा.

शेडसमोर उतार आहे. तोंड चढाला आणि पाठ भिंतीकडे करून दाजींनी ट्रक लावला. मी भंगारातून त्या गाडीचे जुने लायनर शोधून काढले. काढले तेव्हा ते नीट पाहायची गरज वाटली नव्हती, घरचंच काम म्हणून नवे बसवून मोकळा झालो होतो. आता पाहिलं. चांगले जाड होते, अजून कितीतरी चालले असते.

"दाजी... ब्रेक लागत होते."

त्यांनी एक लायनर माझ्या हातातून घेतला, उलटून पाहिला आणि खाली टाकला.

"तो थाप मारत होता ना?"

"एकेक मारत होता," दाजी अगदी हळू म्हणाले. "बराच वेळ... मला ऐकू येत होतं."

मग त्यांनी चाकाचा पाना उचलून माझ्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मी आधी ऐकलं, मग मला कळलं. दुसरा घाव गुडघ्यावर बसला. तोंडात रक्त आलं. कॉलर धरून त्यांनी मला ओढलं आणि मागच्या डाव्या चाकाखाली डोकं येईल असं टाकलं. टायरला तापलेल्या ग्रीसचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा, ओल्या मांसाचा.

"ताईला सांगेन, जॅक सरकला," ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं. रबर माझ्या केसांना लागलं.

धप्.

अगदी माझ्या डोक्यावर, फाळक्यावर. इंजिन बंद पडलं. दाजींनी पुन्हा सुरू केलं. धप्. पुन्हा बंद. ते शिव्या देत उतरले, तेवढ्यात मी कोपरावर सरपटत बाजूला झालो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. भिंत आणि ट्रक यांच्यामध्ये उभे राहून ते फाळक्याकडे बघत राहिले. तिथे कुणी नव्हतं.

"कोण आहे...?"

धप् धप्.

केबिन रिकामी होती. ट्रक मागे आला. सावकाश, कुणी जपून मागे घ्यावा तसा. फाळक्याने त्यांना छातीवर गाठलं आणि भिंतीवर दाबलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. तोंडातून रक्त येत होतं, तरी दाजी उघड्या तळहाताने फाळक्यावर आपटत होते. एक. मग एक. मग एक. गाडी काही थांबली नाही. हात लोंबला तेव्हा कुठे ती उभी राहिली. नंतर लोकांनी पाहिलं, हँडब्रेक ओढलेला होता.

ताईला मी सांगितलं, जॅक सरकला. मोडलेलं हाडही त्याच खाती गेलं. तिच्या तशा अवस्थेत दुसरं काय सांगणार होतो?

तिला मी भाड्याच्या मोटारीने घाट उतरवून नेलं. दवाखान्याच्या खोलीत ती पोटावर हात ठेवून पडली होती.

"इतके महिने अगदी शांत होतं रे," ती म्हणाली. "त्या दुपारपासून सुरू झालंय. बघ..."

तिने माझा धड असलेला हात ओढून पोटावर ठेवला. आतून दोन लाथा बसल्या. थोडं थांबून पुन्हा दोन. त्याच संथ चालीने. मला हात मागे घ्यायचा होता, पण तिने वरून धरून ठेवला होता.

त्या दिवसानंतर ताई पहिल्यांदाच हसली.

"यायची घाई झालीय त्याला," ती म्हणाली.